कॉलेजच्या वर्गातली शाळकरी मुलं

सिअ‍ॅटलच्या पूर्वेला, बेलव्ह्यू-रेडमंडच्या पट्ट्यात, गणपतीच्या आरतीनंतर दहावीतल्या मुलांचे आईबाप एकत्र आले की विषय ठरलेला असतो: एपी, म्हणजे शाळेतच शिकवले जाणारे कॉलेजच्या पातळीचे विषय, घ्यायचं की रनिंग स्टार्ट? बहुतेकदा निकालही ठरलेला. एपी हुशारांचं, रनिंग स्टार्ट बाकीच्यांचं. मला हे मुळीच पटत नाही.

वॉशिंग्टन राज्याने 1990 साली कायदा करून रनिंग स्टार्टची सोय केली. अकरावी-बारावीतल्या मुलांनी शाळेत नाव ठेवूनच कम्युनिटी कॉलेजच्या वर्गांना बसायचं आणि शिकवणीचे पैसे राज्याने भरायचे. कॉलेजचा 5 क्रेडिटचा विषय शाळेच्या वर्षभराच्या 1 क्रेडिटइतका धरतात. तिमाहीला 15 क्रेडिट, वर्षाला तीन तिमाह्या. दोन वर्षं नेटाने केलं तर 90 क्रेडिट होतात आणि योग्य विषय घेतले असतील तर शाळेच्या डिप्लोमाबरोबर असोसिएट पदवीही हातात पडते. आपण महाराष्ट्रात दहावीनंतर ज्युनिअर कॉलेजात गेलो, पण ती दोन वर्षं पदवीत कधी धरली गेली नाहीत. इथे राज्याच्या सरकारी विद्यापीठांत ती क्रेडिट्स चालतात. एपीत मात्र सगळी मदार मे महिन्यातल्या परीक्षेवर. 5 पैकी किती मिळाले यावर क्रेडिट, तेही विद्यापीठ देईल तर.

माझी मुलगी सध्या इंग्रजी 101 करते आहे. तिच्या गटात रात्रपाळी संपवून थेट वर्गात येणारे एक गृहस्थ आहेत आणि मुलं मोठी झाल्यावर पुन्हा शिकायला लागलेल्या एक बाई. निबंधाचा कच्चा खर्डा एकमेकांना वाचायला द्यायचा असतो. बाईंनी हिच्या समासात लिहिलं, 'हे तू स्वतः पाहिलंस, की कुणी सांगितलं?' त्या प्रश्नापायी हिने दोन पानं नव्याने लिहिली. सोळाव्या वर्षी असा वाचक भेटला, हे मला क्रेडिटपेक्षा मोलाचं वाटतं.

आईबापांना वेगळंच जड जातं. मूल अठराचं झालेलं नसलं, तरी कॉलेजातल्या त्याच्या नोंदींवर केंद्रीय कायद्याने हक्क त्याचाच. आपण फोन करून गुण विचारले तर कॉलेज सांगत नाही. प्राध्यापकांशी बोलायचं तेही मुलानेच. शाळेच्या अ‍ॅपवर रोज गुण बघायची सवय झालेल्यांना हे सोपं नाही, पण मुलांना त्याचा फायदाच होतो. धोका दुसरीकडे आहे. इथली श्रेणी कॉलेजच्या कायमच्या नोंदीत जाते, शाळेचं वर्ष म्हणून ती कुणी पुसत नाही. म्हणून पहिल्या तिमाहीत एखादाच विषय घ्यावा, असं मी विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगते.

खर्चाचं काय? कमी उत्पन्नाच्या घरांना किरकोळ फी माफ होते. 2022पासून 18 वर्षांपर्यंतच्या मुलांना बसही फुकट आहे. अडतं ते पुस्तकांपाशी. एका विषयाचं पुस्तक आणि त्याचा ऑनलाइन कोड मिळून शंभर डॉलर सहज होतात. काही कॉलेजं पुस्तकं वापरायला देतात, पण ती सगळ्यांना पुरत नाहीत. ज्या घरातून आजवर कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही, तिथल्या मुलाला या योजनेची सगळ्यात जास्त गरज आहे, आणि अडतं नेमकं तेच मूल. सरकारी शाळेत त्याला पुस्तकं फुकट मिळतात. कॉलेजातही मिळायला हवीत. जानेवारीत राज्याच्या राजधानीत, ऑलिंपियाला, विधिमंडळाचं अधिवेशन भरतं, त्याआधी आमच्या भागातल्या आमदारांना मी हेच लिहिते आहे. इथल्या मराठी पालकांनीही, आपल्या मुलाने एपी घेतलं असलं तरी, लिहावं.