रंगाची पेटी

मुलांच्या हाती रंग द्यावेत की नाही, हा प्रश्न आमच्या बाळपणी वडील मंडळींस पडला नाही. कारण घरात रंग नसतच. पाटी, पेन्सिल आणि चुलीतला कोळसा एवढेच आमचे साहित्य, व कोळशाने भिंत रंगविल्यावर पाठीवर मिळे तो प्रसाद, हीच आमच्या कलाशिक्षणाची फी. आता आमच्या आनंदनगरच्या घरी हा प्रश्न नातीच्या निमित्ताने उपस्थित झाला, आणि त्याचे उत्तर देताना आम्ही चुकलो. ही चूक पुष्कळ घरांतून होत असावी, म्हणून ती येथे सांगतो.

नात नऊ वर्षांची. गणिताच्या वहीची शेवटची पाने तिने मांजरे, छत्र्या व शेजारच्या काकूंचे अंबाडे काढून भरून टाकिलेली. तिला चित्रकलेच्या वर्गास घालावे, यावर घरात एकमत झाले. परंतु हेतू निरनिराळे. चिरंजिवांची दृष्टी पुढे ग्रेड परीक्षेमुळे शालान्त परीक्षेत मिळणाऱ्या वाढीव गुणांवर, तर सौभाग्यवतींचे म्हणणे, पोर दोन तास स्वस्थ बसेल. आम्ही वडीलकीच्या नात्याने जवळचा वर्ग पाहिला, अठ्ठेचाळीस रंगांच्या खडूंची पेटी आणिली, आणि कर्तव्य पार पडले असे मानिले.

तीन महिन्यांत चित्रे आली, तीही सुबक! दोन डोंगर, मधून उगवता सूर्य, नदी, झोपडी. पुढे कळले की वर्गातील प्रत्येक मुलाचे डोंगर तेच व सूर्यही तोच. आणि जेथे रेघ चुके तेथे शिक्षिकाबाईंचा हात फिरे. एके दिवशी आम्ही म्हणालो, "बाळ, आपल्या अंगणातली तुळस काढ पाहू."

ती म्हणाली, "आजोबा, ते मला येत नाही. बाईंनी अजून शिकवलं नाही."

ते शब्द आमच्या जिव्हारी लागले. तुळस ती रोज पाहत होती. तीन महिन्यांपूर्वी तिने ती न विचारता काढिली असती. दोष बाईंना तरी कोणत्या तोंडाने द्यावा? आम्हीही जन्मभर मुलांकडून 'रामः रामौ रामाः' घोकून घेतले, व त्यांतील किती जणांस स्वतःचे एक वाक्य संस्कृतात रचिता आले, हे कधी विचारिले नाही.

विष्णुधर्मोत्तर पुराणात वज्र राजा मूर्तिकला शिकू इच्छितो, तेव्हा मार्कंडेय ऋषी त्यास आधी चित्र, त्याआधी नृत्य, त्याआधी वाद्य व गीत असे मागे मागे नेतात. तात्पर्य, हातापूर्वी डोळा व कान तयार व्हावे लागतात. आम्ही वर्ग थांबविला, आणि एक २बी पेन्सिल व जाड कागद घेऊन नातीस वालधुनीकाठच्या शिवमंदिरी नेले. हे मंदिर शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० मधले. १८६८ साली सर ज. जी. कलाशाळेचे विद्यार्थी टेरीसाहेबांच्या देखरेखीखाली याच मंदिराची रेखाटने करण्यास आले होते. पुढ्यातली वस्तू पाहून काढणे, हाच त्यांचा पाठ. नातीने मात्र मंदिर सोडून पायरीवर निजलेले कुत्रे काढिले. कान फार मोठे झाले. पण ते कुत्रे तिचे होते.

आता वर्ग निवडताना आम्ही प्रथम भिंत पाहतो. सर्व मुलांची चित्रे एकसारखी असल्यास नमस्कार करून परततो. ग्रेड परीक्षेशी आमचे वैर नाही. एलिमेंटरीत वस्तुचित्र व स्मरणचित्र आहेत, म्हणजे पाहणे व आठवणे हेच तेथेही मागितलेले आहे. परंतु ती परीक्षा माध्यमिक शाळेतल्या मुलांची. नवव्या वर्षी तिची घाई कशास?

साहित्यात काटकसर रंगांवर करावी, कागदावर नव्हे. पातळ कागद पाण्याने सुरकुततो, व मूल समजते की आपलाच हात वाईट. बावीस बाय तीस इंचांच्या एका जाड कागदाचे अकरा बाय पंधराचे चार तुकडे होतात. दोन पेन्सिली, बारीक व जाड असे दोन-तीन गोल कुंचले, आणि लाल, पिवळा, निळा एवढे जलरंग आरंभास पुरेत. आपल्या पूर्वजांनी चित्राच्या षडंगांत वर्णिकाभंगास, म्हणजे रंगांच्या मिश्रणास, स्थान दिले, ते उगीच नव्हे. परदेशी पेटीचीही गरज नाही. दांडेकर बंधूंनी १९३१ साली शाईपासून आरंभिलेल्या कॅमलिनचे रंग सर्वत्र मिळतात.

अठ्ठेचाळीस खडूंची ती पेटी आता फडताळात आहे. परवा नात तुळस रंगविण्यास बसली, तेव्हा हिरवा रंग मागू लागली. आम्ही मुद्दाम गप्प राहिलो. अर्ध्या घटकेने ती निळ्यापिवळ्या बोटांनी धावत आली व ओरडली, "आजोबा, हिरवा सापडला!"

आमच्या स्वच्छ धोतरावर त्या हिरव्याचा डाग अद्याप आहे. सौभाग्यवती तो काढा म्हणतात. आम्ही चालढकल करीत आहो.