पौडच्या मातीत हरवलेला जेट

पुण्याच्या चांदणी चौकातून पश्चिमेकडे निघालात की भूगाव, भुकूम, पिरंगुट अशी गावे मागे टाकत तुम्ही पौडला पोचता. पौड हे मुळशी तालुक्याचे मुख्य गाव. तिथून पुढे गेलात की मुळशीचे धरण आणि मग ताम्हिणी घाट. तुमच्यापैकी बरेच जण पावसाळ्यात धबधबे बघायला, गरम भजी खायला या रस्त्याने गेले असतील. धरणाचे पाणी बघताना कुणी तरी मोठ्यांनी सांगितलेही असेल, की याच धरणाविरुद्ध 1921 साली इथल्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला आणि पांडुरंग महादेव बापट हे त्या लढ्यातूनच ‘सेनापती’ बापट झाले. पाण्याखाली गेली ती भाताची खाचरे होती. उरलेल्या खाचरांत आजही भात पिकतो. मुळशीचा आंबेमोहोर चुलीवर शिजत असला, तर वास चार घरे पलीकडे जातो!

हे तांदळाचे लक्षात ठेवा बरं का. पुढे त्याच्याशी गाठ पडणार आहे.

आज मात्र मी तुम्हाला नेणार आहे पौडजवळच्या एका माळावर. भात कापून झाला, की माळावरच्या मुरमाडी जागेत रविवारी सकाळी फटफट, फटफट असा आवाज सुरू होतो. मातीचे उंचवटे, खड्डे, तीव्र वळणे केलेली असतात आणि त्यांवरून डर्ट बाइक उड्या मारत जातात. डर्ट बाइक म्हणजे मातीत चालवायची मोटारसायकल. उंच मडगार्ड, गाठीगाठींचे टायर, लांब शॉकॲब्सॉर्बर. काही गाड्या खास शर्यतीच्या असतात, पण बऱ्याचशा साध्याच गाड्या, खोलून, हलक्या करून तयार केलेल्या. यामाहाची आरएक्स-100 ही 1985 ते 1996 या काळात आपल्याकडे तयार होत होती. ती अजून इथे उड्या मारते! हिरोने 2011 साली काढलेली इम्पल्सही दिसते. आता ती निघत नाही.

मोठ्या शर्यती पाहायच्या असतील तर त्याही मुळशीच्या उंबऱ्यावर झाल्या आहेत. 28 जानेवारी 2024 रोजी इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिलीच शर्यत म्हाळुंगे-बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडासंकुलात झाली. 1994 च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी उभारलेले हेच ते संकुल. त्या लीगमध्ये 450 आणि 250 सीसीच्या गाड्या होत्या आणि मुलांसाठी 85 सीसीचा कनिष्ठ गटही.

एक सांगून टाकतो. अशा गाड्या आखून दिलेल्या जागेतच चालवाव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे. काही जण टेकडीवर, गवताळ पठारांवर गाड्या घालतात. ताम्हिणीचे जंगल 2013 पासून अभयारण्य आहे. तिथे जमिनीवर अंडी घालणाऱ्या टिटवीला आपली गंमत कळत नाही.

असो. गाडीचे हृदय इंजिन, हे सगळ्यांना ठाऊक असते. पण त्या हृदयाला घास भरवणारा कार्बोरेटर फार थोड्यांनी पाहिलेला असतो. मूठभर आकाराचा असतो. त्याचे काम एकच, हवेत पेट्रोल मिसळायचे. साधारण 14.7 ग्रॅम हवेला 1 ग्रॅम पेट्रोल लागते. हे मोजमाप तो कसे करतो? घरी करून बघा. पेल्यात रंगीत पाणी घ्या. शीतपेयाची एक नळी त्यात उभी धरा. दुसरी नळी आडवी धरून उभ्या नळीच्या तोंडावरून जोरात फुंका. पाणी आपोआप वर चढते आणि फवारा उडतो! (आईने नुकतीच फरशी पुसली असेल तर अंगणात करा.) हवा वेगाने वाहते तिथे तिचा दाब कमी होतो, म्हणून खालचे पाणी वर ढकलले जाते. कार्बोरेटरचा गळा मुद्दाम अरुंद ठेवलेला असतो. तिथून इंजिन हवा ओढते आणि खालच्या वाटीतले पेट्रोल वर येते. वाटीत पेट्रोल किती असावे हे ठरवायला एक फ्लोट असतो, संडासाच्या टाकीतल्या बोंडासारखा.

पण पेट्रोल नेमके किती वर यावे? ते ठरवतो जेट. जेट म्हणजे पितळेचा इवलासा स्क्रू, हरभऱ्याएवढा, आणि त्याच्या मधोमध आरपार भोक. सुईच्या टोकासारखे बारीक. काही जपानी जेटवर 100 आकडा असतो, म्हणजे भोकाचा व्यास 1 मिलिमीटर. 95 असेल तर 0.95. तुम्ही म्हणाल, एवढ्याशा फरकाने काय होते? गणित करा. व्यास 5 टक्के कमी झाला, पण भोकाचे क्षेत्रफळ 0.95 गुणिले 0.95, म्हणजे सुमारे 0.90. पेट्रोल जवळजवळ 10 टक्के कमी! पेट्रोल कमी पडले तर इंजिन तापते. बऱ्याच टू-स्ट्रोक गाड्यांत तर तेल पेट्रोलातच मिसळलेले असते, त्यामुळे पेट्रोल कमी म्हणजे तेलही कमी. मग पिस्टन अडकून बसतो. म्हणून जेटमध्ये कचरा अडकला तर त्यात तार घालू नये, भोक मोठे होते. फुंकून, हवा मारून साफ करावा.

आता माळावर जाऊ. त्या दिवशी दुपारी तिथे स्थानिक शर्यत होती. कोथरूडहून आलेल्या एका ताईची जुनी फोर-स्ट्रोक गाडी सकाळीच घोगरी झाली. वाटीत कचरा गेला असणार. गॅरेजवाले मिस्त्री दुसऱ्या गाडीत गुंतलेले. त्यांच्याकडे काम शिकणारा मुलगा आयटीआयला जातो. माझ्याच वर्गातून चौथी होऊन गेलेला, आता माझ्यापेक्षा वीतभर उंच झालाय. मिस्त्री त्याला म्हणाले, “आज कार्बोरेटर तू खोल. एकट्यानं.”

एकट्याने कार्बोरेटर खोलायला मिळणे म्हणजे काय, हे गॅरेजातल्या पोरालाच विचारा. वर्षभर तो फक्त पाने पुसत आणि टायर काढत होता.

त्याने सगळे नीट केले. पेट्रोलची तोटी बंद केली. मिश्रणाचा स्क्रू काढण्याआधी तो हलकेच आत फिरवून किती फेरे बसतात ते मोजले आणि वहीत लिहिले. वाटीचे स्क्रू, मुख्य जेट, मिश्रणाच्या स्क्रूवरचा रबरी ओ-रिंग (साबुदाण्याएवढा असतो!) असे सगळे सीटवर वर्तमानपत्र पसरून मांडले. तेवढ्यात शेजारची गाडी कुणी तरी लाथ मारून सुरू केली. ती कलंडली, या गाडीला टेकली, आणि सीट हादरली. कागद तिरका झाला. जेट, एक स्क्रू आणि ओ-रिंग खाली मुरमात!

पोराचा चेहरा पांढरा पडला. दुसरा जेट आणायचा तर नाना पेठेत जायला हवे, तीसेक किलोमीटर. दुचाकीच्या सुट्या भागांचे पुण्यातले मोठे मार्केट तिथे आहे. पण रविवार. आणि गेला तरी मागणार काय? दुकानदार म्हणतो, “नंबर सांगा, नाहीतर नमुना आणा.” नमुना मातीत, आणि नंबर त्या नमुन्यावर! फेरे वहीत होते, जेटचा आकडा मात्र नव्हता.

मिस्त्री ओरडतील असे वाटले. ते एवढेच म्हणाले, “कुणी पाय हलवू नका.” हरवलेल्या बारीक वस्तूचा पहिला शत्रू म्हणजे शोधणाऱ्याचे पाय. मग सगळे जण जागच्या जागी बसले. बॅटरी जमिनीला लागून आडवी धरली, म्हणजे खड्याच्या सावल्या लांब पडतात आणि धातू चमकतो. गाडीच्या सावलीत हे थोडेफार जमते, भर उन्हात नाही. काहीच चमकले नाही.

मग आला लोहचुंबक. जुन्या स्पीकरमधला, जड. मातीवरून फिरवला तर त्याला काळीकुट्ट दाढीच फुटली! आपला सह्याद्री काळ्या बेसॉल्ट दगडाचा. त्यात मॅग्नेटाइट नावाचे लोखंडाचे खनिज असते. दगड झिजून माती झाली तरी त्याचे कण मातीत राहतात. तुमच्याकडे चुंबक असेल तर ओढ्याच्या वाळूत फिरवून बघा. त्या दाढीत वाटीचा स्क्रू निघाला, कारण तो पोलादी. जेट नाही निघाला. निघणारच नव्हता. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त, त्याला चुंबक ओळखतच नाही.

शर्यतीला दोन तास उरले होते. पोरगा गुडघ्यांवर बसून चिमटीचिमटीने माती चिवडत होता. शेजारी चहाची गाडी लावणाऱ्या आजी मघापासून बघत होत्या. खाचरातला भात झोडून-कांडून खाल्लेली बाई ती. म्हणाल्या, “आरं, असं मातीत उकरून व्हय गावायचं? तांदूळ रोळत्यात तसं रोळ की!”

तांदूळ रोळणे तुम्ही पाहिले आहे का? आता पाकिटातला साफ तांदूळ येतो, म्हणून पाहिले नसेल. तांदळात खडे असले, की भांड्यात पाणी घालून तांदूळ गरगर हलवायचे आणि पाण्याबरोबर अलगद दुसऱ्या भांड्यात ओतत जायचे. तांदूळ हलके, ते पाण्याबरोबर जातात. खडे जड, ते तळाशी राहतात. इथे उलटे करायचे होते एवढेच. जायला हवी होती माती, आणि राहायला हवे होते पितळ.

आता आकडे बघा. पाण्याच्या मानाने माती-वाळूचे कण साधारण अडीच-पावणेतीन पट जड. पितळ मात्र साडेआठ पट! एवढा फरक असेल तर पाणी न चुकता निवड करते. आपल्याकडे झारेकरी नावाचे लोक हेच काम पिढ्यान्‌पिढ्या करत आले. सोनाराच्या दुकानातला केर, दारापुढची धूळ ते झाडून नेत आणि पाण्यात धूत. हलकी धूळ वाहून जाई, सोन्याचे कण तळाशी उरत.

आजींनी परात दिली. पोराने गाडीखालची हातभर जागा दोन बोटे खोल खरवडली आणि मोठे खडे हाताने काढून टाकले. एक परात माती, वर पाणी, ढेकळे कुस्करायची, गढूळ पाणी ओतायचे. पुन्हा पाणी, पुन्हा गरगर. पाणी आम्ही विहिरीपासून लांब, मुरमाच्या खड्ड्यात ओतत होतो, कारण त्या मातीत पेट्रोल सांडलेले होते. विड्या ओढणाऱ्यांना मिस्त्रींनी आधीच पिटाळले होते. पहिली परात, काही नाही. तिसरी, काही नाही. पोराचे हात थरथरायला लागले. प्रत्येक वेळी तळाशी उरायची ती काळी रेती. मॅग्नेटाइटही जडच ना, पाण्याच्या पाच पट!

सहाव्या परातीला मिस्त्री म्हणाले, “थांब. ही काळी रेती टाकू नको. चुंबक आण.” आणि मघाशी बिनकामाचा ठरलेला चुंबक आता उपयोगी पडला. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून तो रेतीवरून फिरवला. काळे कण उड्या मारून वर चिकटले, आणि परातीत उरले चार पांढुरके खडे आणि एक पिवळा ठिपका.

तो जेट होता!

पोराने तो पेट्रोलने धुतला, फुंकला आणि सूर्याकडे धरून भोकातून पाहिले. गोल, स्वच्छ उजेड. मग आधी वही उघडली आणि जेटवरचा आकडा लिहिला.

आणि तो रबरी ओ-रिंग? तो नाही सापडला. रबर पाण्यापेक्षा जेमतेम जड. तो पहिल्याच गढूळ पाण्याबरोबर खड्ड्यात वाहून गेला असणार. जी युक्ती पितळाला लागू पडली तीच रबराला नडली. त्या ओ-रिंगशिवाय स्क्रूच्या बाजूने हवा आत शिरते, आणि गाडी हळू चालत असताना मिश्रण बिघडते. पण ॲक्सिलरेटर पूर्ण पिळला, की कारभार मुख्य जेटकडे जातो. मिस्त्रींनी ताईला हे समजावून सांगितले. “ताई, सोडू नका फक्त. सोडलंत की बंद पडंल.”

ताईने सुरुवातीच्या रेषेवर गाडी सारखी गुरगुरत ठेवली. एका वळणावर तिचा हात सैल झाला आणि गाडी खरोखरच बंद पडली. लाथ मारून सुरू करेपर्यंत चार जण पुढे गेले. तरी तिने शर्यत पूर्ण केली. उतरल्यावर ती आधी पोराकडे आली आणि म्हणाली, “वरचा जोर एकदम झकास होता रे.” पोरगा काहीच बोलला नाही. परात घासत होता तो. आजींना ती लख्ख करून हवी होती.

मंगळवारी तो पौडहून बसने नाना पेठेत गेला. खिशात स्क्रू होता, नमुना म्हणून. तिसऱ्या दुकानात तसा ओ-रिंग मिळाला. एकच हवा होता, त्याने दहा घेतले आणि रिकाम्या काडेपेटीत ठेवून, काडेपेटी वरच्या खिशात घालून, खिशाचे बटण लावले.