धारपांची आजी, तुंबाडची आजी

'तुंबाड' पाहून बाहेर पडणाऱ्या पोरांना भयकथाकार नारायण धारप हे नाव ठाऊक नसतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. चित्रपटाचा पहिला भाग धारपांच्या 'आजी' या कथेतून उगवलाय. आणि आमच्या साताऱ्यात एके काळी धारपांचं पुस्तक हाती यायचं तर लायब्ररीत नंबर लावावा लागे!

1990 च्या आसपास पेठापेठांतून भाड्याने पुस्तकं देणाऱ्या लायब्रऱ्या होत्या. अनामत भरायची, वहीत सही करायची आणि खाकी कव्हर घातलेलं पुस्तक पिशवीत लपवून आणायचं. दोऱ्याने शिवलेली पानं, मधेच कुणाच्या तरी चहाचा डाग. घरी वडीलधाऱ्यांना हे वाचन पसंत नसे. साताऱ्यात समर्थ म्हणजे सज्जनगडचे रामदास. धारपांच्या कथांमधले समर्थ निराळे, पण संकटात धावून येणारे तेही, हे आजीला पटवून देताना नाकी नऊ येत.

जुलैत यवतेश्वरावरून ढग खाली उतरले की वीज जायची. 'आजी' मी तशीच, कंदिलाच्या उजेडात वाचली. घरात एकटा मुलगा, आत अंथरुणाला खिळलेली म्हातारी, एवढाच पसारा. बाकी सगळं मीच पुरवलं: आमच्या माजघरालगतची अंधारी खोली, तिचं करकरणारं दार, कोनाड्यातली तेलकट समई. धारपांची भीती वाचकाच्याच घरातल्या सामानावर चालायची. त्या कथेचं मूळ स्टीफन किंगच्या 'ग्रॅमा'त आहे हे पुढे कळलं, तरी धारपांवरचा जीव तसूभर कमी झाला नाही. परक्या मुलखातली म्हातारी त्यांनी आमच्या माजघरात आणून झोपवली, हे काय लहान काम आहे?

'तुंबाड'चे दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांनी धारपांची ती कथा 1993 मध्ये नागझिऱ्याच्या जंगलात मित्राकडून ऐकली. 'थँक यू मिस्टर ग्लाड' लिहिणाऱ्या अनिल बर्व्यांचा हा मुलगा. 2012 मध्ये चित्रीकरण सुरू झालं आणि 12 ऑक्टोबर 2018 ला चित्रपट लागला. खऱ्या पावसासाठी ही मंडळी पावसाळ्यामागून पावसाळे थांबली. तो पाऊस पडद्यावर ओळखू येतो; आमच्याकडे आठवडाभर कपडे वाळत नाहीत, तसला तो पाऊस आहे.

धारपांच्या जुन्या वाचकाला मुख्य धास्ती असते ती दाखवण्याची. जे आम्ही मनात पाहिलं ते कुणी रंगवून पुढ्यात ठेवलं तर? पण साखळीने बांधलेली ती म्हातारी आणि तिला भरवायला ताट घेऊन गेलेला छोटा नायक विनायक पाहताना मी खुर्ची घट्ट धरून बसलो होतो. मोहम्मद समद या पोराने आजीही केली आणि पुढच्या भागात विनायकचा मुलगा पांडुरंगही. मला ही निवड फार अर्थपूर्ण वाटते. हाव पिढ्यान्‌पिढ्या उतरत जाते, हेच तर बर्व्यांना सांगायचं होतं. देवीच्या गर्भात उतरणारा दोर, कणकेची बाहुली, शापित हस्तरच्या लंगोटातून गळणाऱ्या मोहरा, यातलं काही माझ्या 'आजी'त नव्हतं. नाव श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत'वरून घेतलं, गोष्ट मात्र त्या कादंबरीचीही नाही. बर्व्यांनी धारपांची नक्कल केली नाही. एका खोलीतली भीती घेतली आणि तिला वाडा, वतन, इंग्रजी अमदानी असा मोठा संसार दिला. धारपांशी इमान राखायचं ते असंच, असं माझं ठाम मत आहे.

एक मात्र हरवलं. कथेतल्या मुलाचं एकटेपण आता थिएटरभर वाटलं जातं. सप्टेंबर 2024 मध्ये चित्रपट पुन्हा लागला आणि पहिल्या खेपेपेक्षा जास्त चालला. तेव्हा शेजारची पोरं किंचाळून लगेच हसत होती, एकमेकांचा आधार घेत होती. पुस्तक वाचताना तो आधार नसे. किंचाळायचीही सोय नव्हती, कारण पलीकडे वडील झोपलेले.

आणि दुसरं, 'तुंबाड' हिंदीत झाला. माणसं, घरं, सोवळं-ओवळं सगळं आपलं आणि बोली तेवढी परकी, हे मला अजून सलतं. वाचायला मात्र धारप मराठीतच आहेत: साकेत प्रकाशनाने त्यांची पुस्तकं नव्या कव्हरांत आणली आहेत. चित्रपट पाहिलेली शेजारची कॉलेजकन्या माझ्याकडून एकेक नेते आणि समर्थांच्या कथा आधी मागते. या समर्थकथा मोठ्या पडद्यावर याव्यात, त्या मराठीत याव्यात आणि बर्व्यांइतकाच हट्टी माणूस त्यांना मिळावा, एवढं मला मनापासून हवं आहे.