जुन्या लेथच्या शोधात : अमरावती ते अकोला

वाचकहो, ऐन हंगामात पंपाचा शाफ्ट गेला किंवा मळणी यंत्राचे बूश झिजले, म्हणजे जीव कसा टांगणीला लागतो हे तुम्हाला सांगायला नको. तुटलेली वस्तू पिशवीत घालायची, तालुक्याची एसटी धरायची आणि लेथवाल्याच्या दारात नंबर लावून बसायचे. म्हणून आयटीआय शिकून आलेला मुलगा ‘गावातच लहानसा लेथ टाकू’ म्हणाला, की घराला ते पटते. पण नवे यंत्र आवाक्याबाहेरचे आणि जुने घ्यावे तर फसण्याची धास्ती. तीच धास्ती मनात ठेवून या वेळी आपण अमरावतीहून अकोल्याकडे जाऊ या. रस्ता शंभरेक किलोमीटरचा, पण वाटेत लोखंडाविषयी शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

वऱ्हाडात जुनी यंत्रे सापडतात याचे कारण कापूस. १८६७ साली मुंबईकडचा लोहमार्ग वऱ्हाडातून नागपूरला पोचला आणि इथला कापूस परदेशी जाऊ लागला. पाठोपाठ बाजाराच्या गावी जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले. कारखाना आला की दुरुस्ती आली आणि दुरुस्तीला लेथ लागतोच. पुढे त्यातले कित्येक कारखाने बंद पडले. त्यांची अवजारे भंगारात गेली, काही लहान वर्कशॉपांत आली. अशा ठिकाणी तुम्हाला ताडपत्रीखाली एखादा लेथ दिसेल. अंगावर तांबडा गंज, वर कापसाची पिंज तेलात बसून झालेला काळा थर. पाहूनच माणूस मागे फिरतो. तुम्ही फिरू नका.

बडनेऱ्याहून निघून मूर्तिजापूरला क्षणभर थांबा. यवतमाळ आणि अचलपूरकडे जाणाऱ्या अरुंद रुळांच्या ‘शकुंतला’ गाडीचे हे ठाणे होते. मँचेस्टरला १९२१ साली बांधलेले वाफेचे इंजिन या मार्गावर १९२३ पासून १९९४ पर्यंत धावले. सत्तर वर्षे! वेळेवर तेल आणि वेळेवर दुरुस्ती मिळाली, तर लोखंड माणसाच्या दोन पिढ्या सहज पाहते. तेव्हा लेथ किती वर्षांचा आहे हे आधी विचारू नका. तो कसा राखला गेला, ते पाहा.

पाहायचे कसे? गंज बहुतेक वेळा वरवरचा असतो, तो धुता येतो. झीज धुता येत नाही. लेथचा जीव त्याच्या बेडमध्ये, म्हणजे ज्या लांब पट्ट्यांवर कॅरेज सरकते त्यात असतो. रोजचे काम चकजवळ होते, म्हणून बेड तिथेच जास्त झिजतो. कॅरेज चकजवळ आणून तिची पट्टी घट्ट करा आणि मग ती दुसऱ्या टोकाकडे सरकवा. ती तिकडे अडकू लागली, तर चकजवळचा बेड खाल्ला गेला आहे असे समजा. स्पिंडलमध्ये मजबूत दांडा धरून वरखाली दाबून पाहा. खडखड लागली तर बेअरिंगचा खर्च धरावा लागेल. गिअरचे दात मोजा, आटे पाडायचे सुटे गिअर पूर्ण आहेत का ते विचारा. हँडल थोडे रिकामे फिरते एवढ्याने घाबरू नका. आतला पितळी नट नवा करता येतो.

पाटीवरच्या नावालाही भुलू नका. किर्लोस्करांचे नाव आपल्या घरात लोखंडी नांगरामुळे पोचले. त्याच घराण्याचा हरिहरचा लेथ कारखाना १९४१ चा. बताला आणि राजकोटचे लेथही वऱ्हाडात दिसतात. नाव चांगले असले तरी झिजलेला बेड त्याने भरून येत नाही.

आता यंत्र घरी आले असे धरू. सुटे करण्यापूर्वी प्रत्येक भागाचे फोटो काढा आणि खडूने खुणा करा. काळा थर रॉकेलने किंवा डिझेलने भिजवून लाकडी पट्टीने खरवडा. पेट्रोल वापरू नका, भडका उडतो. बेडवर पॉलिश पेपर किंवा ग्राइंडर चालवू नका. त्यातली खर पट्ट्यांत अडकते आणि पुढे यंत्रच खाते. गंजलेले सुटे भाग एक भाग काकवी आणि नऊ भाग पाणी यांत आठ-दहा दिवस बुडवून ठेवा. रोज पाहत राहा, मग धुऊन उन्हात वाळवा आणि लगेच तेल लावा. बेअरिंग मात्र त्यात घालू नका. जुन्या रंगात शिसे असू शकते, म्हणून तो कोरडा घासू नका आणि लेकरांना जवळ येऊ देऊ नका.

अकोल्याजवळ आलो की पूर्णेच्या खोऱ्यातली काळी माती दोन्ही बाजूंना दिसते. कपाशीला ही जमीन आई, पण यंत्राला वैरीण. वैशाखात वावरात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पावसात तीच माती फुगते. अशा मातीवर ठेवलेला लेथ तिच्याबरोबर हलतो, बेडला पीळ बसतो आणि शाफ्ट एका टोकाला जाड, दुसऱ्याला बारीक निघतो. मालक म्हणतो यंत्र खराब. दोष मात्र जमिनीचा असतो! म्हणून काळी माती काढून मुरमावर पाया घाला. मुरूम फार खोल असेल तर मुरमाचे थर ठोकून भरा, वर काँक्रीट टाका. चांगल्या मिस्त्रीकडून बारीक पाणसळ लावून घ्या आणि उन्हाळ्यात व पावसाळ्यानंतर ती पुन्हा तपासा. मग जाड सळई चार इंच बाहेर काढून हलका कट घ्या आणि दोन्ही टोके मायक्रोमीटरने मोजा. फरक मिलिमीटरच्या दोन-तीन शतांशात असेल, तर गावच्या कामाला तो लेथ उत्तम.

काम मिळेल का, ही घरच्यांची शेवटची शंका. अकोला डाळ मिलचे शहर आहे. १९६९ साली स्थापन झालेल्या इथल्या पंजाबराव कृषी विद्यापीठाची लहान डाळ मिल खेड्यापाड्यांत पोचली आहे. मिलचे शाफ्ट, पंपांचे बूश, तिफण-डवऱ्याचे बोल्ट अशी कामे बारमाही निघतात. मात्र थ्री-फेज वीज गावात पाळीपाळीने येते, म्हणून सिंगल-फेज मोटर परवडेल का ते आधी पाहा. अर्थिंग पक्के करा, पट्ट्यावर जाळी बसवा. सैल बाही, दुपट्टा, पदर यंत्राजवळ नको, आणि चकची चावी चकमध्ये ठेवून कधीही बटण दाबू नका.

शेवटी देखभाल. इंजिनातून काढलेले जळके तेल लेथला देऊ नका, त्यात धातूचा कीस असतो. बेडवर ग्रीसही थापू नका, त्यात कीस आणि धूळ चिकटून बसते. रोज काम संपल्यावर पुसून स्वच्छ तेलाचा हात फिरवा. खांदेनवमीला लेथला झेंडूचा हार जरूर घाला. पण बाकीच्या दिवशी त्याला तेल मिळते की नाही, याची चौकशी घरातल्या वडीलधाऱ्यांनी करत राहावी.