बंबाची ज्योत



गेल्या रविवारी पाठशाळेत एकेंद्रिय जीव शिकवत होते. पृथ्वी, पाणी, अग्नी, वायू, वनस्पती. मुलांनी बोटं मोडत पाठ म्हटलं, आणि मागच्या रांगेतली एक चिमुरडी उठून म्हणाली, "काकू, मग गॅस पेटवला की पाप लागतं का?" मी तिला आरंभी हिंसा म्हणजे काय ते सांगितलं. गृहस्थाला चूल, केरसुणी, पाणी सुटत नाही, संकल्पी हिंसा मात्र पूर्ण सोडायची, बाकीची जपून जपून कमी करत जायची. तिचं समाधान झालं की नाही कोण जाणे. माझं झालं नाही. घरी येताना सबंध वाट मला लेस्टरमधली ती पहाट आठवत होती. नऊ वर्षं झाली, कुठे लिहिली नाही, कारण चूक माझी होती आणि थोडीथोडकी नव्हती.

लेकीच्या बाळंतपणासाठी मी इंग्लंडला गेले होते. जानेवारीचा महिना. दुपारी साडेचारच्या आत सूर्य मावळायचा, त्यामुळे अंथऊ साडेतीनलाच उरकायचं. आपल्याकडे त्या वेळी चहा सुद्धा झालेला नसतो! जावई तिथल्या जैन सेंटरला घेऊन गेले होते. जुन्या चर्चच्या इमारतीत मंदिर आहे, १९८८ साली प्रतिष्ठा झालेली. कोरीव खांब, आणि एकाच छपराखाली श्वेतांबर आणि दिगंबर दोन्ही. बहुतेक मंडळी गुजराती, पण णमोकार तर सगळ्यांचा एकच. दर्शन झालं आणि परदेशात आल्याची धास्ती निम्मी उतरली.

घर भाड्याचं, जुनं. स्वयंपाकघराला लागून एक अरुंद खोली होती, कपडे धुवायचं यंत्र आणि एक भलं मोठं पांढरं कपाट मावेल एवढीच. ते कपाट म्हणजे बॉयलर. मी त्याला पहिल्या दिवसापासून बंबच म्हणत आले. आमच्या माहेरी शिरोळ भागात तांब्याचा बंब होता. मध्ये नळकांड्यात जळण घालायचं, भोवती पाणी तापायचं. इथेही तेच, फक्त जळणाच्या जागी गॅस, आणि तापलेलं पाणी बादलीत न येता पंपाने घरभर नळ्यांतून फिरतं. प्रत्येक खोलीत लोखंडी रेडिएटर असतो, तो तापतो आणि खोली उबदार होते. आत एक बारकी ज्योत रात्रंदिवस तेवत असते. घड्याळाने हुकूम दिला की तिच्यावरून मोठा जाळ पेटतो. जावयांनी दाखवलं तेव्हा मला आई आठवली. ती रात्री विस्तव राखेखाली झाकून ठेवायची आणि सकाळी फुंकणीने जागा करायची, अगदी तसंच.

खरं सांगते, ती ज्योत मला पहिल्यांदा खटकली. कुणी शिजवत नाही, कुणी शेकत नाही, तरी आपली जळतेच आहे. अग्निकायाची एवढी अकारण हिंसा! लेकीला म्हटलंही. ती म्हणाली, "आई, मी विझवायची म्हटलं तर बाळाला थंडीत काय करू?" मग मी गप्प बसले.

माझा तेव्हा नियम होता. अष्टमी-चतुर्दशीला उपवास, आणि त्या दिवशी स्वतःच्या हाताने अग्नी पेटवायचा नाही. एका आर्यिका माताजींपाशी घेतलेला, सात वर्षं अखंड पाळलेला. मला त्याचा जरा अभिमानच होता म्हणा ना.

बाळ अकरा दिवसांचं झालं त्या दिवशी चतुर्दशी होती. पहाटे साडेचारला सामायिकाला उठले तर खोली गारठलेली. रेडिएटरला हात लावला, लोखंड बर्फासारखं. बाहेर उणे चार. जावई रात्रपाळीला, आठ वाजल्याशिवाय येणार नव्हते. लेकीचं पोट फाडून बाळंतपण झालेलं, तिला वाकायची मनाई. मी बंबाच्या खोलीत गेले, खालचं झाकण उघडून गुडघ्यांवर बसले आणि काचेच्या भोकातून पाहिलं. आत काळोख. ज्योत विझली होती.

तिथेच बसून राहिले. नियम आठवत होता. लेक भिंतीला धरून आली आणि म्हणाली, "आई, सरक, मी लावते." टाके ओढून ती खाली बसायला लागली तशी मी तिला हाताने थांबवलं. आपण लहानपणापासून काय शिकलो? कृत, कारित, अनुमोदना. स्वतः केलं, दुसऱ्याकडून करवलं, दुसऱ्याने केलेल्याला मनातून बरं म्हटलं, तिन्ही सारखंच. लेकीने पेटवलं आणि मी त्या उबेत बसून सामायिक केलं, तर माझा नियम राहिला कुठे? आणि गेले दहा दिवस त्या उबेत मी बसलेच होते की. मग म्हटलं, मोडायचाच तर माझ्या हातून मोडू दे, बाळंतिणीचे टाके तरी राहतील.

झाकणाच्या आतल्या बाजूला सूचनांची पट्टी होती. लेक खुर्चीवर बसून मराठीत सांगत गेली. आधी गॅसचा वास येतोय का पाहा. येत असेल तर काही पेटवायचं नाही. वास नव्हता. खटका 'बंद'वरून ठिणगीच्या खुणेवर आणा, आत दाबून धरा, दुसऱ्या हाताने शेजारचं बटण दाबा. टक्. टक्. तिसऱ्या टक्ला ज्योत लागली. आता खटका वीस सेकंद तसाच दाबून धरायचा. ज्योतीच्या टोकाशी बोटभर सळई असते, दोन वेगळ्या धातू जोडलेली. ती तापली की तिच्यात जराशी वीज तयार होते आणि तेवढ्याशा विजेवर गॅसची झडप उघडी राहते. ज्योत विझली तर सळई गार पडते आणि झडप आपोआप मिटते. हे मला जावयांनी आधीच समजावलं होतं. कुणी केलं असेल त्याने विचार करून केलंय, असं तेव्हाच वाटलं होतं.

घड्याळ हाताशी नव्हतं. तीन श्वासांत एक णमोकार, म्हणून दोन णमोकार म्हटले. मंत्राचा असा घड्याळासारखा उपयोग करावा का, हा प्रश्न मला नंतर पडला, तेव्हा नाही. खटका सोडला. ज्योत विझली.

पट्टीवर लिहिलं होतं, विझली तर तीन मिनिटं थांबा, आत साठलेला गॅस निघून जाऊ द्या, मगच पुन्हा. सत्तावीस श्वासोच्छ्वासांचा एक कायोत्सर्ग, असे दोन केले. गुडघे फरशीवर बधिर झाले होते. दुसऱ्यांदा पेटवली आणि या वेळी डोळा काचेला लावून नीट पाहिलं.

ज्योत पिवळी होती. लांबट, लोळत असल्यासारखी, सळईला धड स्पर्शही करत नव्हती. गॅसच्या शेगडीची ज्योत निळी असते, ती पिवळी झाली की पातेल्याचं बूड काळं होतं, हे आपल्यापैकी कुणाला सांगायला नको. मग माझी नजर झाकणाच्या वरच्या कडेला गेली. पांढऱ्या पत्र्यावर तपकिरी-काळा डाग चढला होता. मी आले तेव्हा तो नव्हता. पहिल्याच दिवशी मी ते कपाट स्वतः पुसलं होतं.

"तुझं डोकं अजून दुखतंय?" मी विचारलं.

"तीन दिवस झाले की. झोप नाही ना."

माझंही तीन दिवस दुखत होतं. मी थंडीवर ढकललं होतं, काल दिवसभर उपवासावर. आदल्या दिवशी टाके दाखवायला दवाखान्यात गेलो तेव्हा दोघींनाही बरं वाटलं होतं आणि घरी आल्यावर पुन्हा जड. आणि बाळ? बाळ फार शहाणं, रडतच नाही, नुसतं झोपतं, असं मी गावाकडे फोनवर कौतुकाने सांगितलं होतं.

खटका बंद केला. लेकीला ताप-खोकला समजावून सांगावा तसं सांगायला वेळ नव्हता, फक्त "बाळाला घे, बाहेर चल" म्हटलं. खिडक्या उघडल्या, दारं उघडली, गोधड्या गुंडाळून शेजारच्या गुजराती बेनचं दार वाजवलं. पहाटेचे साडेपाच. तिने काही न विचारता आत घेतलं. तिथून लेकीने गॅसच्या तातडीच्या नंबरला फोन केला. ०८०० १११ ९९९, तिकडे नातलग असतील त्यांना हा कळवून ठेवा. त्यांनीही तेच सांगितलं, बंब बंद ठेवा, हवा खेळू द्या, घरात जाऊ नका, आणि दवाखान्यात रक्त तपासून घ्या.

माणूस आला. त्याने गॅस बंद केला, बंबावर 'वापरू नका' अशी चिठ्ठी चिकटवली आणि खोलीभर नजर फिरवली. मग भिंतीपाशी वाकला. तिथे जमिनीजवळ एक जाळी होती, बाहेरची हवा आत यायची. त्या जाळीतून त्याने एक बोळा ओढून काढला. निळ्या काठाचं जुनेर. माझं.

चार दिवसांपूर्वी मीच घातलं होतं. त्या जाळीतून सुरीसारखा वारा यायचा, आणि बाळंतिणीला वारं लागू नये, हे मला माझ्या आईने, तिला तिच्या आईने सांगितलेलं. मी घट्ट बोळा करून काठीने आत ठासला होता. वर बंबाच्या समोर दोरी बांधून बाळाची लंगोटं वाळत घातली होती, त्यांचा सगळा पिंजका कापूस आत ओढला गेला होता. असले जुने बंब जळण्यासाठी खोलीतलीच हवा घेतात. हवा कमी पडली की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो रक्तात प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट धरून बसतो. माणसाला फक्त डोकेदुखी आणि झोप येते. घरमालकाने वर्षाची सक्तीची तपासणी चुकवली होती, घरात त्या वायूचा अलार्मही नव्हता, हे खरं. पण बोळा माझा होता.

रक्त तपासलं. दोघींच्या रक्तात तो सापडला, बाळाच्याही. काही तास प्राणवायू दिला. बाळाच्या तोंडाएवढाही नसेल असा मुखवटा होता. दुपारी ते कळवळून रडलं तेव्हा लेक आणि मी, दोघी हसत होतो आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

माझी आई चुलीत घालण्याआधी प्रत्येक लाकूड जमिनीवर दोनदा आपटायची. शेणी उलटसुलट करून पाहायची. मुंगी, किडा असेल तर खाली पडावा म्हणून. आम्ही मुली वैतागायचो, धूर होतोय, लवकर घाल म्हणायचो. तिने बंबात कधी न पाहता जळण घातलं नाही. मी त्या इवल्याशा ज्योतीच्या हिंसेचा हिशेब दहा दिवस मनात मांडत बसले आणि भिंतीतली जाळी कशासाठी आहे, एवढं विचारायचंही मला सुचलं नाही. दिव्यावर भांडं उपडं घातलं की तो विझतो, हे मला ठाऊक नव्हतं का?

परत आल्यावर माताजींपाशी गेले. नियम मोडल्याचं सांगितलं, प्रायश्चित्त मागितलं. त्यांनी त्याबद्दल एक दिवसाचा रसत्याग सांगितला आणि पुढे विचारलं, "तो बोळा घालताना कुणाला विचारलं होतंस?" मी नाही म्हणाले. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग मला रोज एक काम सांगितलं, ते मी इथे लिहीत नाही.

त्या मार्चमध्ये लेकीकडे नवा बंब बसला. त्यात कायमची ज्योत नाही, लागेल तेव्हा ठिणगी पडते आणि काम झालं की विझते. हवाही तो नळीने बाहेरूनच घेतो. कमी हिंसेचा, म्हणून मला आवडला. बैठकीच्या खोलीत अलार्म लावलाय. दर दिवाळीला, महावीर निर्वाणाच्या सकाळी, मी लेकीला फोन करते आणि लाडू कसे झाले विचारायच्या आधी म्हणते, बटण दाबून दाखव. ती हसते, फोन भिंतीपाशी नेते. नातू आता नऊ वर्षांचा आहे, बटण तोच दाबतो. ते यंत्र कर्कश्श ओरडतं, आणि मग मी लाडवांचं विचारते.