असर ते मगरिब

धाकट्या बहिणीच्या लग्नाचं आम्ही चक्क पाठ टाचण काढलं होतं. हसू नका. बी.एड.ला तासातल्या मिनिटामिनिटाचा हिशेब लिहायला लावतात, ती सवय सुटत नाही. 2018 चा डिसेंबर, नाताळची सुट्टी. रत्नागिरी जिल्ह्यातलं खाडीकाठचं आमचं गाव आणि आंबा घाट उतरून येणारी कोल्हापूरची वरात.

आमच्याकडे निकाह जोहरनंतर उरकायची रीत. खुत्बा, इजाब-कबूल, खजूर वाटले की जेवणं, आणि वाडीवस्तीची माणसं संध्याकाळच्या एस.टी.ने घरी. पण फोटोग्राफर घर बघायला आला आणि मांडवाच्या जागेवर उभं राहून म्हणाला, "सर, दुपारी एक वाजता काही खरं नाही. ऊन डोक्यावर. डोळ्यांखाली काळे खड्डे दिसतील. आणि ते लाल-पिवळं कापड काढा, सगळ्यांची तोंडं लाल-पिवळी येतील." त्याला पाच ते सहाचा उजेड हवा होता. खाडीच्या बाजूने येणारा, तिरका, मऊ.

आम्ही उर्दू शाळेत विज्ञान शिकवतो. इनइकास, इनइताफ, इन्तिशार हे शब्द वर्षाला चार तुकड्यांसमोर फळ्यावर लिहितो. सूर्य खाली गेला की उजेडाला हवेतून लांबचा पल्ला तोडावा लागतो, निळा वाटेत विखुरतो, तांबूस तेवढा पोचतो. त्या पोराचं म्हणणं आम्हाला लगेच पटलं. शिवाय बहिणीची तीच हौस होती. मैत्रिणीचा अल्बम बघून आली होती.

ठरलं, निकाह असरनंतर. पण असर कोणाची? आम्ही कोकणी, शाफई. दुपारची मूळ सावली वजा करून वस्तूची सावली वस्तूएवढी झाली की आमची असर सुरू. कोल्हापूरकर हनफी, त्यांना सावली दुप्पट लागते. डिसेंबरात आमची पावणेचारच्या सुमाराला, त्यांची साडेचार उलटल्यावर, आणि सूर्य मावळणार सहा वाजून दहा मिनिटांनी. टाचणात आम्ही ही सगळी वेळ मांडली. फोटोग्राफरही सावलीच मोजतो आणि मुअज्जिनही, याची तेव्हा गंमत वाटली होती.

अब्बांना वाटली नाही. "जेवून माणसं चार तास काय करणार? शेवटची एस.टी. साडेपाचला. लग्न पोरीचं हाय का कॅमेऱ्याचं?" आम्ही परतीसाठी दोन टेम्पो ठरवले आणि अब्बा गप्प झाले. पैशाने गप्प केलं म्हणा ना.

त्या दिवशी वरात वेळेवर आली, हेच आश्चर्य. असर दोन जमातींत झाली. रजिस्टरमध्ये एका गवाहाच्या नावावरून थोडा घोळ झाला, तरी पाच वाजून दहा मिनिटांनी मुबारकबाद सुरू झाली होती. टाचणाप्रमाणे दहा मिनिटं मागे. चालण्यासारखं होतं. बहिणीला घेऊन आम्ही खाडीच्या अंगाला निघालो.

माजघरातून दादीने हाक मारली.

दादी पंच्याऐंशीच्या घरातली. एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलेला, दुसऱ्याचा राहिलेला. माजघरात दिवसाही बल्ब लागतो. बहीण वाकून सलाम करायला गेली, तर दादीने तिचा हात धरून ठेवला. "हितं मना काय दिसत नाय. उजेडात चल. मना नीट बघूं दे."

उठवून, धरून, मागच्या पडवीच्या पायरीवर बसवायलाच दहा मिनिटं गेली. माडांमधून ऊन थेट पायरीवर आलं होतं. तोच उजेड, ज्याच्यासाठी सगळं गाव ताटकळलं होतं. दादीने ओढणी वर केली. कपाळावरून, भुवयांवरून, गालावरून बोटं फिरवली. नाक आजोबाचं म्हणाली. हनुवटी कोणाची ते आठवेना, म्हणून पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. मग काहीतरी पुटपुटत दम केला.

फोटोग्राफर दाराशी येऊन कॅमेरा उचलत होता. दादीने त्याच्याकडे न बघताच हात आडवा केला. आयुष्यात एकदाच फोटो काढला होता तिने, मतदार ओळखपत्रासाठी, आणि तो घाबरल्यासारखा आला होता. पोरगा चांगला, कॅमेरा खाली घेऊन उभा राहिला.

"दादी, नंतर बघ ना," आम्ही म्हणालो. एकदा नाही, दोनदा.

"बघूं दे की."

मगरिबची अजान झाली. जोडीचे सगळे फोटो मग हॅलोजनखाली निघाले, पिवळे, कपाळं चमकणारे. बहिणीने वलीम्यापर्यंत आमच्याशी धड बोलणं केलं नाही. अल्बम आजही ती कोणाला आपणहून दाखवत नाही.

दादी 2020 च्या रमजानमध्ये गेली. लॉकडाऊन होता, जिल्ह्याची हद्द बंद. बहिणीला कोल्हापूरहून निघता आलं नाही. मातीला आम्ही मोजकेच होतो. रात्री तिचा फोन आला. त्या फोटोग्राफरला विचार म्हणाली, एखादा तरी चोरून घेतला असेल. आम्ही विचारलं. तो म्हणाला, "नाही हो सर. त्यांनी हात केला ना."

बहिणीला तसं सांगितलं. बराच वेळ ती बोलली नाही. मग म्हणाली, "ऊन डोळ्यांवर येत होतं, मी डोळे मिटूनच बसले होते. भाई, तू समोर होतास. दादीचा चेहरा कसा होता तेव्हा?"

खूश होती, असं आम्ही सांगितलं. आम्ही घड्याळ बघत होतो, हे अजून सांगितलेलं नाही.