खरखर

दोष दिसला की तो दुरुस्त करण्याचा अधिकारही आपल्याकडे चालून येतो, अशी शिक्षकी पेशातील माणसाची एक गोड समजूत असते. तीस वर्षे तांबड्या शाईने दुसऱ्यांच्या चुका अधोरेखित करणाऱ्या हातास, ती शाई घराच्या उंबऱ्याबाहेर ठेवून यावी, हे सुचत नाही. आमचेही तसेच झाले. आणि ते एका तंबोऱ्याच्या निमित्ताने झाले.

राहात्यास, कालव्याच्या पाण्यावर वाढलेल्या पेरूच्या बागांच्या कडेला, आमचे लहानसे घर आहे. त्या घरात आमच्यापेक्षा अधिक मान असलेली वस्तू एकच. ती म्हणजे आमच्या सौभाग्यवतीचा तंबोरा. लग्नात सासऱ्यांनी तो मिरजेहून आणवून दिला. तेव्हापासून रोज पहाटे ती तो मांडीशी घेऊन बसते, आणि आम्ही अंथरुणात पडल्या पडल्या ऐकतो व आपण संगीताचे मोठे जाणकार आहो असे मानून पुन्हा कुशीवर वळतो.

गतवर्षीच्या चैत्रात या तंबोऱ्याच्या जोडाच्या तारा खरखरू लागल्या. तंबोऱ्यात गुंजन असावेच लागते. किंबहुना ते गुंजन हाच त्याचा प्राण. परंतु ही खरखर निराळी होती. सुरातून निघून सुरातच विरणारी ती नव्हती. पत्र्यावर वाळू पडावी तशी ती सुराच्या बाहेर वाजे. चार दिवस सौभाग्यवतीने ती सोसली. पाचव्या दिवशी तिने तंबोऱ्यास गवसणी घातली व तो कोपऱ्यात उभा करून ठेवला. आम्ही कारण विचारले, तेव्हा ती म्हणाली, "राहू द्या हो. तंबोरा काय आणि गळा काय, दोन्ही एकाच वेळी जुने झाले."

या वाक्यातील पूर्वार्ध आम्ही ऐकला आणि उत्तरार्ध सोडून दिला. तंबोरा जुना झाला असेल तर तो दुरुस्त केला पाहिजे, एवढेच आमच्या ध्यानात आले. शिवाय या विषयावर आमचे थोडे वाचन होते. आणि सगळ्या अनर्थाचे मूळ तेच ठरले.

तंबोऱ्याच्या तारा ज्या घोडीवरून जातात तिचा माथा धारेसारखा नसतो. तो बोटभर रुंद असून किंचित उतरता असतो. तार छेडली म्हणजे ती त्या उतारास हलकेच स्पर्श करते, सुटते, पुन्हा स्पर्श करते. या लपंडावातून एका सुराच्या पोटी अनेक वरचे सूर जन्मास येतात. हीच जवारी. तार व घोडी यांच्यामध्ये सुताचा एक दोरा सरकविलेला असतो. तो केसभर पुढेमागे केला की आवाज उघडतो अथवा मिटतो. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली या घोडीवर एक निबंध लिहिला. तार जेथे छेडावी तेथे ज्या उपस्वरांचे स्थिर बिंदू पडतात, ते उपस्वर उमटू नयेत असा पाश्चात्त्य शास्त्रज्ञांचा नियम; आमच्या तंबोऱ्यात मात्र ते खुशाल उमटतात, आणि याचे श्रेय त्या उतरत्या माथ्याचे, हे रामन यांनी दाखवून दिले. हा निबंध आम्ही वाचला होता. ज्याने तो वाचलेला नाही असा मनुष्य घोडीस कानस लावण्यास निदान भ्याला तरी असता!

एका रविवारी सौभाग्यवती बाजारास गेली असता आम्ही गवसणी काढली. प्रथम खुंट्या पाहिल्या. त्या घट्ट होत्या. मणी पाहिले, ते जागच्या जागी होते. भोपळ्याच्या जोडावर कान ठेवून टिचकी मारली, चीर नव्हती. मग घोडीकडे पाहतो तो जोडाच्या तारांनी तिच्यावर बारीक चरे पाडलेले दिसले. आमच्या दृष्टीने गुन्हेगार सापडला होता. कानशीने ते चरे आम्ही घासून काढले, वर काचकागदाचा हात फिरविला, आणि तारा चढवून छेडल्या. खरखर गेली होती. परंतु तिच्यासवे सर्वच गेले होते. तंबोरा आता ओल्या लाकडावर टिचकी मारावी तसा बोलत होता.

सौभाग्यवती घरी आली, तिने एकवार तार छेडली, आणि ती काही बोलली नाही. ती रागावती तर आम्हांस बरे वाटले असते.

आमचा एक भाचा अमेरिकेत असतो व फावल्या वेळी पेडल स्टील गिटार वाजवितो. मेजासारखे चार पायांवर उभे असणारे हे वाद्य. त्याच्या तारांवर पोलादी कांडी सरकवून मींड काढावयाची व पायाखालच्या पट्ट्यांनी तारा चढवावयाच्या अथवा उतरवावयाच्या. त्याला दूरध्वनीवरून आम्ही आपली कर्मकथा सांगितली. तो हसून म्हणाला, "मामा, आमच्या वाद्यातही तार जेथून वळते त्या धातूवर चरा पडतो आणि तार झणझणू लागते. आम्ही त्याला सितारीचा आवाज म्हणतो, आणि तो घालविण्यासाठी तो चरा घासून गुळगुळीत करतो!" म्हणजे जो आवाज आमच्या कारागिराने पिढ्यान्‌पिढ्या खपून घोडीत भरला, तोच तिकडे दोष म्हणून घासून काढतात. आम्ही राहात्यास बसून नेमकी अमेरिकन दुरुस्ती केली होती. मग भाच्याने सहज विचारले, "पण मामा, खरखर चऱ्यामुळेच कशावरून? तार सैल असली तरी ती खरखरते. मामी हल्ली कोणत्या सुरात गाते?"

या प्रश्नाचे उत्तर आम्हांस देता आले नाही. काळी पाच, असे आम्ही ठोकून दिले. कारण लग्नाच्या वर्षी तसे ऐकले होते.

अखेर कोपरगावाहून आगगाडीने, तंबोऱ्यास मुलासारखे जपत, आम्ही उभयतां मिरजेस गेलो. तेथील वाद्ये करणारी शिकलगार घराणी मूळची शस्त्रांना धार लावणारी. एकोणिसाव्या शतकात तलवारीचे काम सरले तेव्हा तेच हात सितारी-तंबोऱ्यांकडे वळले. अब्दुल करीमखाँसारखा, तंबोऱ्याच्या सुरावर जीव टाकणारा गवई त्याच गावी राहिला. २०२४ साली मिरजेच्या सितारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकनही मिळाले. ज्या कारागिरापुढे आम्ही बसलो ते वृद्ध गृहस्थ मात्र मानांकनाविषयी काही बोलले नाहीत. त्यांनी घोडीवरून अंगठा फिरविला आणि विचारले, "ही कोणी घासली?"

आम्ही कबुली दिली. त्यांनी मान हलविली व आम्हांस सोडून सौभाग्यवतीकडे वळून म्हटले, "बाई, जरा षड्ज लावा."

ती संकोचली. मग तिने डोळे मिटून षड्ज लावला. वृद्ध थोडा वेळ ऐकत राहिले. "हा काळी चारच्याही खाली आहे," ते म्हणाले, "आणि तारा काळी पाचच्या आहेत. बारीक तार इतकी उतरवली की ती सैल पडते आणि घोडीवर आपटते. चरे तर होतेच. पण खरखर त्यांची नव्हती. सूर किती वर्षे उतरवत आणलात?"

"सात-आठ वर्षे झाली," सौभाग्यवती खाली पाहत म्हणाली. "थोडा थोडा."

सात-आठ वर्षे! दर पहाटे भिंतीपलीकडे ती आपला सूर केसाकेसाने उतरवीत होती, वय होत चालल्याचा हिशेब एकटीच मांडीत होती, आणि आम्ही कुशीवर वळत होतो. तंबोऱ्याने बिचाऱ्याने तक्रार केली, तेव्हा आम्ही त्याच्या तोंडावर कानस चालविली.

कारागिराने जाड तारा चढविल्या. घोडी पुन्हा घासली; पण ती कशी! कानशीचे दोन हात, मग तार छेडून ऐकणे. पुन्हा एक हात, पुन्हा ऐकणे. घासण्यापेक्षा ऐकण्यासच अधिक वेळ जात होता. दुपार कलती झाली तेव्हा त्यांनी दोरा सरकविला, आणि त्या ओल्या लाकडातून एकाएकी मधमाश्यांचे मोहोळ जागे व्हावे तसा सूर उठला. "गळा बिघडलेला नाही, बाई," ते म्हणाले. "खाली आलाय, एवढेच. तंबोऱ्याने गळ्यामागे यायचे असते."

आता पहाटे तंबोरा पुन्हा वाजतो. सौभाग्यवतीच्या आवाजात एक बारीकशी जाडी आली आहे. वरचा षड्ज लावताना ती तेथे पूर्वीसारखी रेंगाळत नाही. हे आम्हांस आता कळते, कारण आम्ही उठून बसून ऐकतो. परवा तिने थांबून विचारले, "आज कुठे काही खरखरतंय का हो?"

आम्ही नाही म्हटले. मग थोडे थांबून म्हणालो, "पण सूर कालच्यापेक्षा किंचित खाली आहे."

ती क्षणभर आमच्याकडे पाहत राहिली, आणि हसून तिने पुन्हा तार छेडली.